पावसाच्या नोंदींचा ओघ

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पैनगंगेच्या खोऱ्यात महागाव तालुका आहे. फुलसावंगी हे या तालुक्यातील एक मोठे गाव आणि महसूल मंडळाचे ठिकाण. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तूर. पावसाळ्यात या भागात एक आकडा सर्वांच्या तोंडी असतो, तो म्हणजे ६५. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की महसूल खात्याच्या लेखी ती अतिवृष्टी ठरते. मग पंचनामे होतात, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असले तर मदतीचा विचार होतो.

हा आकडा किती मोठा? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरात सुमारे ४०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे ६५ मिलिमीटर पावसात एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी पडते. काळ्या जमिनीत ते लवकर मुरत नाही आणि कपाशीची मुळे गुदमरतात. २२ जुलै २०२३ रोजी याच महागाव तालुक्यात आनंदनगर येथे पुराने लोक अडकले आणि त्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली, हे अनेकांना आठवत असेल.

तेव्हा 'या मंडळात या महिन्यात किती दिवस अतिवृष्टी झाली?' हा प्रश्न साधा दिसला तरी त्याच्या उत्तरावर शेकडो घरांचा हिशोब अवलंबून असतो. पूर्वी हे उत्तर नोंदवहीवरून बोट फिरवून काढत. आता नोंदींची संख्या अफाट वाढली आहे. महावेध प्रकल्पात २०१७ पासून राज्यातील महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आणि त्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. समजा अशा एका केंद्राने दर दहा मिनिटांनी एक नोंद केली, तर दिवसाला १४४ नोंदी होतात. दोन हजार केंद्रांच्या मिळून रोज २ लाख ८८ हजार, आणि वर्षाच्या साडेदहा कोटी. एवढ्या नोंदींवरून बोट फिरवता येत नाही. संगणकाला सांगावे लागते. ते कसे सांगायचे, याची एक सुबक रीत गेल्या काही वर्षांत वस्तुकेंद्री आज्ञावलीच्या भाषांत रूढ झाली आहे. तिला 'स्ट्रीम', म्हणजे ओघ, असे म्हणतात. या लेखात आपण ती रीत पावसाच्या नोंदींच्या आधारे समजून घेऊ.

आधी वस्तू, मग संग्रह

वस्तुकेंद्री आज्ञावलीत माहिती सुटी ठेवत नाहीत. एका नोंदीशी संबंधित सर्व गोष्टी एका 'वस्तू'त बांधतात. आपल्या उदाहरणात एक वस्तू म्हणजे पावसाची एका दिवसाची नोंद. तिला तारीख ठाऊक असते, मंडळ ठाऊक असते, आणि पाऊस किती ते ठाऊक असते. शिवाय काही प्रश्नांची उत्तरेही ती स्वतः देऊ शकते. उदाहरणार्थ, 'तुझी नोंद उपलब्ध आहे का?' किंवा 'तू अतिवृष्टीची आहेस का?'

अशा सर्व नोंदी कशा घडवायच्या याचा जो आराखडा, त्याला इंग्रजीत 'क्लास' आणि मराठीत 'वर्ग' म्हणतात. शाळेतला वर्ग वेगळा, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे. साच्यातून विटा निघतात तशा या आराखड्यातून नोंदी निघतात.

अनेक वस्तू एकत्र ठेवल्या की संग्रह होतो. यादी हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. आपण दहा दिवसांची एक यादी घेऊ. हे आकडे समजण्यासाठी बनवलेले आहेत, प्रत्यक्षातले नाहीत.

१६ जुलै : ०
१७ जुलै : १२.५
१८ जुलै : ३८
१९ जुलै : ७१
२० जुलै : नोंद नाही
२१ जुलै : ६४.५
२२ जुलै : ११८
२३ जुलै : २२
२४ जुलै : ०
२५ जुलै : ५

सर्व आकडे मिलिमीटरमध्ये आहेत. २० तारखेला यंत्र बंद होते असे समजू. ही एक रिकामी जागा पुढे आपल्याला बरेच काही शिकवणार आहे.

जुनी रीत

अतिवृष्टीचे दिवस मोजायचे तर पूर्वीपासून अशी आज्ञावली लिहितात :

दिवस = ०
यादीतील प्रत्येक नोंद घ्या :
    नोंद उपलब्ध असेल आणि पाऊस > ६५ असेल, तर
        दिवस = दिवस + १
दिवस छापा

यात चूक काही नाही. उत्तर २ येते, ते बरोबर आहे. पण नीट पाहा. आपल्याला 'काय' हवे आहे ते एका वाक्यात सांगता येते : उपलब्ध नोंदींपैकी ६५ च्या वरच्या किती? आज्ञावलीत मात्र 'कसे' करायचे याचीच वर्दळ आहे. मोजणीसाठी एक डबा ठेवा, त्यात शून्य टाका, एकेक नोंद उचला, डब्यात एक वाढवा. प्रश्न लहान असतो तोवर हे खपते. पण 'प्रत्येक मंडळाचे अतिवृष्टीचे दिवस काढा, त्यांतील सर्वाधिक दिवसांची पाच मंडळे निवडा, ती उतरत्या क्रमाने लावा' असा प्रश्न आला की डब्यांवर डबे चढतात, फेऱ्यांच्या आत फेऱ्या येतात. वाचणाऱ्याला मूळ प्रश्न काय होता हेच सापडत नाही.

ओघाची रीत

फुलसावंगीच्या वाचकाला जिनिंगचे उदाहरण सर्वांत जवळचे वाटेल. कापूस गंजीत पडलेला असतो. तो संग्रह. तेथून तो यंत्राकडे ओढला जातो. आधी काडीकचरा निघतो, मग सरकी वेगळी होते, रुई पुढे जाते, आणि शेवटी दाबयंत्रात गाठ बांधली जाते. प्रत्येक टप्पा एकच काम करतो आणि आपला माल पुढच्या टप्प्याच्या हाती देतो. सगळ्या गंजीचा कचरा काढून संपला की मगच सरकी काढायला घ्यायची, असे कोणी करत नाही. कापूस वाहत राहतो आणि सर्व टप्पे एकाच वेळी चालतात.

ओघाची आज्ञावली तशीच असते. जावा या भाषेत ती साधारण अशी दिसते. भाषेचे स्वतःचे शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात, येथे ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत :

नोंदी.स्ट्रीम()
    .फिल्टर(न → न.उपलब्ध())
    .फिल्टर(न → न.पाऊस() > ६५)
    .काउंट()

ओळी वरून खाली वाचा. नोंदींच्या यादीतून ओघ सुरू करा. उपलब्ध नोंदीच पुढे जाऊ द्या. त्यांतील ६५ च्या वरच्याच पुढे जाऊ द्या. ज्या शेवटी पोहोचल्या त्या मोजा. बाणाची खूण असलेला भाग म्हणजे एक छोटा नियम आहे : 'न ही नोंद दिली तर तिचा पाऊस ६५ पेक्षा जास्त आहे का ते सांग.' असा नियम दुसऱ्या क्रियेच्या हाती सोपवता येतो, हा या रीतीचा गाभा आहे.

(जाता जाता एक गमतीची गोष्ट. आपण स्वतः दिलेली नावे जावात देवनागरीतही चालतात. 'पाऊसनोंद' हे वर्गाचे नाव ती भाषा तक्रार न करता स्वीकारते.)

ओघातल्या क्रिया दोन जातींच्या असतात. मधल्या क्रिया ओघ घेतात आणि ओघच परत देतात. म्हणून त्या एकापुढे एक जोडता येतात. 'फिल्टर' गाळते. 'मॅप' रूप बदलते, म्हणजे नोंद आत घेते आणि तिच्यातला पावसाचा आकडा तेवढा पुढे देते. 'सॉर्टेड' क्रम लावते. 'लिमिट' ठरावीक संख्येनंतर ओघ तोडते. दुसरी जात शेवटच्या क्रियांची. त्या ओघ संपवतात आणि उत्तर हाती देतात : संख्या, बेरीज, सरासरी, किंवा नवी यादी. आपल्या दहा दिवसांत उपलब्ध नोंदी ९ आणि त्यांची बेरीज ३३१. म्हणून सरासरी सुमारे ३६.८ मिलिमीटर.

या सगळ्यात मूळ यादीला धक्का लागत नाही. गंजीतला कापूस कमी होतो, यादीतल्या नोंदी कमी होत नाहीत. ही आपल्या उपमेची मर्यादा लक्षात ठेवावी. ओघ स्वतः काही साठवत नाही. तो एकदाच वाहतो. संपलेला ओघ पुन्हा वापरायला गेलात तर जावा चूक दाखवते. दुसरा प्रश्न विचारायचा असेल तर यादीकडून नवा ओघ मागायचा.

नियम कोठे ठेवावा?

वर आपण ६५ हा आकडा ओघाच्या मधोमध लिहिला. ते तितकेसे बरोबर नाही. भारतीय हवामान खाते २४ तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला 'जोरदार' पाऊस म्हणते. महसुलाची रेघ ६५ ची. आता २१ जुलैची नोंद पाहा. तिच्यात ६४.५ मिलिमीटर पाऊस आहे. हवामान खात्याच्या वर्गवारीत तो जोरदार पाऊस आहे, महसुलाच्या लेखी अतिवृष्टी नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, पण उत्तर उलटे आहे. तसेच, '६५ पेक्षा जास्त' आणि '६५ किंवा जास्त' हेही एक नव्हे.

असे नियम आज्ञावलीत दहा ठिकाणी विखुरले की एखाद्या ठिकाणी चुकीची रेघ राहून जातेच. म्हणून तो नियम नोंदीच्या वर्गात ठेवावा आणि ओघात फक्त विचारावे :

    .फिल्टर(न → न.अतिवृष्टी())

उद्या शासनाने निकष बदलला तर एकाच जागी बदल करावा लागेल. वस्तूने आपले ज्ञान आपल्याजवळ ठेवायचे आणि ओघाने वस्तूंची ने-आण करायची, अशी ही कामाची वाटणी आहे. संग्रहांच्या ओघाचे वस्तुकेंद्री पद्धतीशी जुळते ते येथे.

आळशी, पण शहाणा

मधल्या क्रिया लिहिल्या म्हणजे काम सुरू झाले, असे नाही. शेवटची क्रिया सांगेपर्यंत एकही नोंद जागची हलत नाही. याला इंग्रजीत ज्या शब्दाने ओळखतात त्याचा सरळ अर्थ 'आळशी' असाच आहे. पण हा आळस कामाचा आहे.

समजा विचारले : 'पहिली अतिवृष्टी कोणत्या दिवशी झाली?' ओघ एकेक नोंद शेवटपर्यंत नेतो. १६ तारीख गाळली गेली. १७ गाळली गेली. १८ गाळली गेली. १९ तारीख ७१ मिलिमीटर घेऊन पार पोहोचली. उत्तर मिळाले, ओघ थांबला. उरलेल्या सहा नोंदींना हातही लागला नाही. दहांमध्ये सहा वाचल्या याचे विशेष नाही, पण साडेदहा कोटींत ही बचत मोठी असते.

मात्र 'सॉर्टेड' मध्ये आले की चित्र बदलते. सर्वांत लहान नोंद कोणती हे सगळ्या नोंदी पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे तेथे ओघ तुंबतो, सगळे जमते, मगच पुढे सुटते. म्हणून आधी गाळावे आणि मग क्रम लावावा. दोन्हींचे उत्तर एकच, पण कष्टांत जमीनअस्मानाचा फरक.

ओघ आळशी असल्यामुळे आणखी एक गोष्ट शक्य होते : न संपणारा ओघ. सर्व सम संख्यांची यादी करता येत नाही, पण त्यांचा ओघ सांगता येतो, कारण मागितल्याखेरीज पुढची संख्या तयारच होत नाही. त्यातून 'पहिल्या वीस' एवढ्याच मागायच्या.

रिकामा ओघ काय सांगतो?

आता २० जुलैकडे वळू. त्या दिवशी 'नोंद नाही'. आज्ञावली लिहिणाऱ्याला मोह होतो की तेथे शून्य टाकावे, म्हणजे बेरीज अडणार नाही. बेरीज खरेच अडत नाही, पण सरासरी ३६.८ ऐवजी ३३.१ होते, कारण नवाऐवजी दहाने भागले. आणि त्याहून वाईट म्हणजे 'माहीत नाही' याचे 'पाऊस पडला नाही' असे विधान होऊन बसते. १९ ते २२ तारखांच्या ऐन पावसात २० तारीख कोरडी गेली असे कोण म्हणेल? परीक्षेला गैरहजर असलेल्या मुलाला शून्य गुण देणे आणि 'गै.ह.' लिहिणे यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

याहून सूक्ष्म सापळा असा. समजा एखाद्या मंडळाचे यंत्र सगळेच दहा दिवस बंद होते. उपलब्ध नोंदी गाळल्यावर ओघ रिकामा झाला. आता त्याला प्रश्न विचारा.

'एका तरी दिवशी अतिवृष्टी झाली का?' उत्तर : नाही.
'सर्व दिवशी पाऊस ६५ च्या आत होता का?' उत्तर : हो.

दोन्ही उत्तरे तर्काला धरून आहेत. 'सर्व' म्हणजे एकही अपवाद नाही. रिकाम्या संग्रहात अपवाद सापडणार कोठून? म्हणून विधान खरे. गणितात हे मान्यच आहे आणि जावातील 'ऑलमॅच' ही क्रिया तसेच उत्तर देते. पण या 'हो'च्या भरवशावर कोणी त्या मंडळाचे नाव यादीतून वगळले, तर यंत्राच्या बिघाडाची शिक्षा शेतकऱ्याला होईल. तर्क चुकलेला नाही. चुकीचा प्रश्न विचारला गेला आहे.

यावर उपाय अवघड नाही. आधी उपलब्ध नोंदी मोजाव्यात आणि उत्तरे दोन न ठेवता तीन ठेवावीत : हो, नाही, सांगता येत नाही. आपल्या दहा दिवसांत १९ आणि २२ तारखा आहेत म्हणून 'हो' हे उत्तर पक्के आहे. त्या दोन नसत्या तर, केवळ २० तारखेमुळे, प्रामाणिक उत्तर 'सांगता येत नाही' हेच झाले असते.

सरासरीच्या बाबतीत भाषा घडवणाऱ्यांनी ही काळजी घेतली आहे. रिकाम्या ओघाची बेरीज शून्य येते, ते योग्यच आहे. सरासरी मात्र शून्य येत नाही, कारण शून्याला शून्याने भागता येत नाही. तेथे जावा एक बंद डबी हाती देते. डबीत उत्तर असेल किंवा नसेलही, आणि उघडण्यापूर्वी 'आत काही आहे का?' असे विचारावे लागते. ही सक्ती सुरुवातीला त्रासदायक वाटते. पण नसलेल्या उत्तराला आकडा समजण्याची चूक तिच्यामुळे टळते.

साडेआठची रेघ

हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. दहा-दहा मिनिटांच्या नोंदींचे दिवसवार गट करायचे झाले तर ही रेघ पाळावी लागते. ओघातून गट करणारी क्रिया आहे. तिला फक्त 'ही नोंद कोणत्या गटातली?' एवढा नियम द्यायचा. नियमात मध्यरात्र धरली तर उत्तर वेगळे, साडेआठ धरले तर वेगळे.

पण कोणतीही एक रेघ आखली की एक अडचण उरतेच. समजा पहाटे साडेचार ते साडेआठ ४० मिलिमीटर पाऊस पडला आणि साडेआठ ते साडेबारा आणखी ४०. सलग आठ तासांत ८० मिलिमीटर. शेतातले पाणी रेघ ओळखत नाही. पण नोंदवहीत तो पाऊस दोन दिवसांत विभागला जातो. बाकीचा वेळ कोरडा गेला असेल तर दोन्ही दिवस ६५ च्या खाली राहतात.

हे टिपायचे असेल तर ठरावीक गटांऐवजी 'सरकती खिडकी' वापरतात. १४४ नोंदींची, म्हणजे २४ तासांची, खिडकी घ्या. तिच्यातली बेरीज पाहा. मग खिडकी एका नोंदीने पुढे सरकवा आणि पुन्हा बेरीज पाहा. दोन दिवसांच्या २८८ नोंदींत ठरावीक गट दोनच पडतात. सरकत्या खिडक्या मात्र २८८ − १४४ + १ = १४५ होतात. प्रत्येक खिडकीची बेरीज नव्याने केली तर १४५ × १४३ = २०,७३५ बेरजा कराव्या लागतात. पण नवी आलेली नोंद मिळवली आणि मागे पडलेली वजा केली, तर १४३ अधिक १४४ × २, म्हणजे अवघ्या ४३१ क्रियांत काम होते. मुलांना हे स्वतः शोधू द्यावे.

जावात ठरावीक आणि सरकत्या अशा दोन्ही खिडक्यांची सोय मार्च २०२५ मध्ये आलेल्या २४ व्या आवृत्तीत पक्की झाली. निकष कोणता असावा हे संगणक ठरवत नाही. ते काम माणसांचे. पण दोन निकषांनी उत्तर किती बदलते, हे तो क्षणात दाखवू शकतो.

अनेक हात लागतात तेव्हा

साडेदहा कोटी नोंदी एकाच्याने होत नसतील तर काम वाटून घ्यावे. ओघाच्या रीतीत 'काय हवे' एवढेच सांगितलेले असल्यामुळे संगणक नोंदींचे तुकडे करून ते अनेक प्रक्रियकांना देऊ शकतो आणि शेवटी त्यांची उत्तरे जुळवू शकतो. मात्र त्याला दोन अटी आहेत.

पहिली अट गणिताची. तुकडे कसेही पाडले तरी उत्तर तेच यायला हवे. बेरजेत तसे होते. वजाबाकीत होत नाही : (१०० − २०) − ५ = ७५, पण १०० − (२० − ५) = ८५. साहचर्याचा नियम आपण शाळेत शिकवतो तो येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. सरासरीचेही तसेच. एका तुकडीत १० मुले आहेत, सरासरी ८० गुण. दुसरीत ४० मुले, सरासरी ५० गुण. दोन्ही सरासऱ्यांची सरासरी ६५ येते. खरी सरासरी मात्र (८०० + २०००) ÷ ५० = ५६. म्हणून प्रत्येक तुकड्याकडून सरासरी न मागता बेरीज आणि संख्या असे दोन आकडे मागायचे, आणि भागाकार शेवटी एकदाच करायचा.

दुसरी अट शिस्तीची. ओघातल्या नियमाने बाहेरच्या वहीत लिहायला जाऊ नये. दोन कारकून एकाच रकान्यातला आकडा वाचून एकाच वेळी त्यात एक वाढवायला गेले, तर दोघेही ७ वाचतात आणि दोघेही ८ लिहितात. व्हायला हवे होते ९. अशी चूक रोज होत नाही, अधूनमधून होते, म्हणून तर ती सापडत नाही. प्रत्येकाने आपल्या कागदावर मोजावे आणि शेवटी कागद जुळवावेत, हे उत्तम.

ही कल्पना आली कोठून?

वस्तूंची कल्पना नॉर्वेची. ओस्लो येथे ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी घडवलेल्या 'सिम्युला ६७' या भाषेत ती प्रथम स्पष्ट दिसते. ओघाची कल्पना दुसऱ्या बाजूने आली. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी एका टिपणात सुचवले की बागेतल्या नळीला नळी जोडतात तशा आज्ञावल्या एकमेकींना जोडता याव्यात. १९७३ मध्ये केन टॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ती सोय प्रत्यक्षात आणली. १९६५ मध्ये पीटर लँडिन यांनी आळशी पद्धतीने उलगडणाऱ्या यादीसाठी 'स्ट्रीम' हा शब्द वापरला. सत्तरच्या दशकात 'स्मॉलटॉक' भाषेने संग्रहांनाच 'यातून निवड' आणि 'याचे रूप बदल' असे सांगण्याची सोय केली. तेथे दोन्ही धारा एकत्र आल्या.

जावा १९९५ मध्ये आली. तिला संग्रहांची व्यवस्थित मांडणी १९९८ मध्ये मिळाली आणि ओघ मिळायला मार्च २०१४ उजाडला. त्याआधी २००७ मध्ये सी-शार्पमध्ये अशीच सोय आली होती, आणि सी++ मध्ये ती २०२० च्या मानकात आली. बारावीपर्यंत सी++ मधून वस्तूंची ओळख झालेल्या विद्यार्थ्यांना ती पाहता येईल. भाषा बदलली की शब्द बदलतात. गाळणे, रूप बदलणे आणि गोळा करणे या तीन क्रिया तशाच राहतात.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. शाळेत पर्जन्यमापक असेल तर त्याच्या नोंदी घ्या, नसेल तर वर्तमानपत्रात येणारे आकडे. प्रत्येक दिवसाची एक चिठ्ठी करा. त्यावर तारीख, ठिकाण आणि मिलिमीटर लिहा. एकदोन चिठ्ठ्यांवर मुद्दाम 'नोंद नाही' असे लिहा.

१. पाच मुलांना ओळीने उभे करा. पहिला गठ्ठ्यातून चिठ्ठी देतो, दुसरा 'नोंद नाही' गाळतो, तिसरा ६५ च्या आतील गाळतो, चौथा तारीख वाचतो, पाचवा मोजतो. 'पाचव्याने मागितल्याशिवाय कोणी हलायचे नाही' हा नियम ठेवा. आळशी ओघ म्हणजे काय ते लगेच कळते.

२. 'पहिली अतिवृष्टी कधी?' हा प्रश्न विचारा आणि किती चिठ्ठ्या न पाहताच उरल्या ते मोजा. मग ओळीत क्रम लावणारा एक मुलगा घाला आणि पुन्हा मोजा.

३. गठ्ठा दोन गटांत असमान वाटा. आधी गटांच्या सरासरींची सरासरी काढा, मग खरी सरासरी काढा. फरक का पडला ते मुलांनी सांगावे.

४. सर्व चिठ्ठ्यांवर 'नोंद नाही' लिहिलेला एक गठ्ठा द्या आणि विचारा : 'सर्व दिवशी पाऊस ६५ च्या आत होता, हे खरे की खोटे?' यावर मुलांत वाद होईल. तो होऊ द्यावा. रिकाम्या संग्रहाविषयी काय म्हणता येते आणि काय म्हणू नये, हे त्या वादातूनच मुलांच्या नीट लक्षात येईल.